अडखळणारे चित्र



काल या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, उद्या सहकारावर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये उभा राहून मी जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ का अडखळतो हे सांगू लागलो, तर लाडवांच्या पंगतीत ठेचा वाढल्यासारखे होईल. अशी शंका चालकांनी बोलून दाखविली नाही. पण ती त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेला थोर विषय शोभतात हे मला मान्य आहे. तथापि ठेचा हे आपल्या माणदेशाचे नित्याचे खाणे आहे, आणि माझा विषयही तसाच, रोजच्या जेवणातला आहे. आपल्यापैकी किती घरांत, किती शाळांत आणि वाचनालयांत एखादा जुना कॉम्प्युटर फडके पांघरून कोपऱ्यात बसला आहे, हे आपणच मनाशी आठवून पाहावे.

मी भाषणाचा विषय पुस्तकातून घेतलेला नाही. तो माझ्या दारात चालत आला. गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या आळीतील एक मुलगी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करते. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन आणि दहाबारा शेळ्या. पुण्याला क्लासला पाठवावयाचे तर खोलीचे भाडेच झेपणारे नव्हते. म्हणून एका कार्यालयाने मोडीत काढलेला, २०१३ साली तयार झालेला कॉम्प्युटर त्यांनी कोणाच्या तरी ओळखीने आणला आणि मुलगी त्याच्यावर इंटरनेटवरील व्याख्याने पाहून शिकू लागली. पहिले काही महिने ठीक गेले. मग चित्र अडखळू लागले. ती मला म्हणाली, "आजोबा, सर बोलत्यात पुढं, अन् हात राहतोय मागं." याहून नेमके वर्णन एखाद्या इंजिनियरनेही केले नसते. शिक्षक फळ्यावर गणित मांडीत. आवाज सरळ येई. पण हात एकदम या ओळीवरून त्या ओळीवर उडी मारी आणि मधली पायरी कोठे गेली ते कळत नसे.

एका दुकानदाराने यंत्र पाहिले न पाहिले आणि निकाल दिला, "हे खटारं झालं. नवं घ्या." नवे म्हणजे चाळीस हजार. रात्री वडील माझ्याकडे आले. "गुरुजी, आटपाडीच्या बाजारात चार शेळ्या काढाव्या म्हणतोय. तुमचं काय मत?" चैत्रवैशाखात चारा संपला की आपल्याकडे जनावरांचे भाव काय होतात, हे या सभेस मी सांगावयाचे कारण नाही. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, कॉम्प्युटरचा तज्ज्ञ नव्हे. पण मोडलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय टाकू नये ही खोड जुनी आहे. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

या आठांपैकी पहिले दोन दिवस मी वाया घालविले. माझा ठाम समज असा झाला की इंटरनेट कमी पडते आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हणही मी त्या मुलीला ऐकविली, आणि तिला मोबाइल घेऊन माळवदावर पाठविले, कारण तेथे जाळे बरे मिळते. तिने वेग मोजला. १०८० रेषांच्या चित्रास साधारण पाच मेगाबिट दर सेकंदाला पुरतात, ७२० ला अडीच, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या मोठ्या चित्रास वीस. तिच्याकडे बारा होते. आड भरलेला होता. व्हिडिओच्या खालच्या पट्टीत पुढे सरकणारी करडी रेघ आपण पाहिली असेल. ती आलेल्या आणि अद्याप न दाखविलेल्या मालाची असते. ती रेघ चित्राच्या पुष्कळ पुढे गेलेली होती. म्हणजे पोहरा पाण्याने भरून काठावर येऊन बसला होता, आणि घरात मात्र ठणठणाट होता. म्हण खरी, मी लावली ती चुकीच्या जागी.

येथे एक खूण सांगून ठेवतो, ती मला आधी ठाऊक असती तर माळवदाच्या फेऱ्या वाचल्या असत्या. पडद्यावर गोल चक्र फिरू लागले, आवाज आणि चित्र दोन्ही थांबले, तर दोष बहुधा इंटरनेटचा. आवाज अखंड चालू आणि चित्र तेवढे उड्या मारते, तर दोष बहुधा यंत्राच्या आतला. असे का व्हावे, याचे उत्तर फार जुने आहे आणि ते सिनेमाच्या इतिहासात सापडते.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला तो मुका होता. मूकपटांच्या काळी यंत्र पुष्कळदा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा चित्रे गेली काय आणि वीस गेली काय, प्रेक्षक सांभाळून घेत. माणसे जरा लगबगीने चालताहेत एवढेच वाटे. पण बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रभातने काढला, तोवर जगभर सेकंदाला २४ चित्रे ही गती पक्की होऊन बसली होती. कारण डोळा फसतो, कान फसत नाही. गाण्याची गती किंचित बदलली की सूर चढतो किंवा उतरतो, आणि ते अडाण्यालाही कळते. आजचा कॉम्प्युटरही हाच विवेक पाळतो. तो आवाजाला घड्याळ मानतो आणि चित्राला त्याच्यामागून चालावयास लावतो. चित्र मागे पडले की मधली चित्रे टाकून देतो आणि धावत आवाजाला गाठतो. सर बोलतात पुढे आणि हात राहतो मागे, याचा अर्थ एवढाच. यंत्राने शिक्षकाचा हात गिळलेला नसतो. वेळेत उलगडता न आल्यामुळे टाकून दिलेला असतो.

वेळ म्हणजे तरी किती? सेकंदाला ३० चित्रे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. ६० असतील तर सोळासतरा. तेवढ्यात चित्र उलगडून पडद्यावर टांगले पाहिजे. उलगडून म्हणालो, कारण चित्र घडी घालून आलेले असते. ही घडी काय प्रकारची असते ते समजल्याशिवाय पुढचे काहीच समजावयाचे नाही, म्हणून येथे जरा थांबतो.

१०८० रेषांचे एक चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगावयास तीन बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ६२ लाख बाइट, आणि सेकंदाला ३० चित्रे धरून तासाभराच्या व्याख्यानाचे ६७० गिगाबाइट होतात. प्रत्यक्षात तेच व्याख्यान दीड-दोन गिगाबाइटमध्ये आपल्या घरी येते. हा चमत्कार कसा होतो? तलाठ्याच्या दप्तरासारखा. जमिनीचा सातबारा एकदा पुरा लिहिलेला असतो. पुढे बाप वारला, वाटणी झाली, विहीर पडली, तर दर वेळी साऱ्या गावाचे दप्तर कोणी नव्याने लिहून काढीत नाही. गाव नमुना सहामध्ये तेवढा फेरफार नोंदतात. व्हिडिओतही तसेच. अधूनमधून एक चित्र पुरते पाठवायचे, आणि मधल्या चित्रांसाठी केवळ फेरफार: फळा तोच, भिंत तीच, हात तेवढा चार ठिपके उजवीकडे सरकला. आज खाते कोणाचे आहे हे ठरवावयाचे तर सगळे फेरफार ओळीने लावून पाहावे लागतात, आणि त्या कामाला डोके लागते. तेच डोके यंत्राला लागते.

फेरफार लिहिण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांना कोडेक म्हणतात. २००३ साली एच-२६४ नावाची रीत आली आणि ती इतकी सर्वत्र झाली की कारखानदारांनी ती वाचणारे खास यंत्र प्रोसेसरच्या पोटात किंवा चित्राच्या कार्डातच बसवून टाकले. पुढे २०१३ साली व्हीपी-९ ही नवी रीत आली आणि २०१८ साली एव्ही-१. या रीती अधिक काटकसरीच्या आहेत; तेवढ्याच स्पष्टतेचे चित्र त्या बऱ्याच कमी जागेत बसवितात. मोठ्या संकेतस्थळांनी त्या उचलल्या हे साहजिकच झाले. यू-ट्यूबवर तर १०८० च्या वरची चित्रे जुन्या रीतीत मिळतच नाहीत.

आता गंमत पाहा. जुन्या यंत्राच्या पोटात गिरणी आहे, पण ती एच-२६४ चीच. आपल्या गावच्या गिरणीत बाजरी दळतात, ज्वारी दळतात. मिरची नेली तर गिरणीवाला हात जोडतो, तिला कांडपयंत्र वेगळे. व्हीपी-९ चा माल आला की जुन्या यंत्रातली गिरणी हात जोडते, आणि मग ते सारे दळण मुख्य प्रोसेसरला जात्यावर दळावे लागते. इंटेलचे उदाहरण घेतले तर व्हीपी-९ ची पुरी गिरणी त्यांच्या प्रोसेसरांत सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६-१७ पासून, आणि एव्ही-१ ची २०२० पासून आली. त्याआधीचे जे यंत्र असेल त्याने जात्यावर बसावयाचे.

म्हणजे २०१३ च्या यंत्राला म्हातारपण आले होते, असे नव्हे. त्याने २०१३ मध्ये १०८० चे चित्र सहज दाखविले असते, आणि आजही दाखवील. मधल्या काळात दाण्याची जात बदलली आणि ते त्याला कोणी सांगितले नाही. मालकालाही सांगितले नाही. मी यात कोणाचे कपट पाहत नाही. नव्या रीतीमुळे मोबाइलवर पाहणाऱ्याचा डेटा वाचतो, आणि आपल्या तालुक्यात बहुसंख्य लोक मोबाइलवरच पाहतात. त्यांचा फायदा खरा आहे. पण वाचलेल्या डेटाचा भार जुन्या कॉम्प्युटरवाल्याच्या खांद्यावर गेला, हेही तितकेच खरे. आणि तो बिचारा समजतो की आपले यंत्र खटारा झाले.

हे सगळे अनुमान झाले, पुरावा कोठे? तो यंत्र स्वतःच देते, आणि फुकट देते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर किती टक्के राबतो आहे याचा आलेख असतो, आणि विंडोज १० पासून पुढे, चित्राच्या भागात, 'व्हिडिओ डिकोड' नावाचा दुसरा आलेख असतो. हा दुसरा आलेख म्हणजे गिरणीच्या पट्ट्याचा आवाज समजा. व्हिडिओ चालू असताना मुलीच्या यंत्रावर पहिला आलेख छताला टेकला होता आणि दुसरा जमिनीवर झोपला होता. गिरणी बंद, जाते चालू. त्याशिवाय यू-ट्यूबसारख्या ठिकाणी चित्रावर उजवे बटण दाबले की 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असे एक विचित्र नाव दिसते. नर्ड म्हणजे पुस्तकी किडा. नावाला भिऊ नये, दाबावे. त्यात माल कोणत्या रीतीचा आला ते लिहिलेले असते: एव्हीसी-१ असेल तर जुना एच-२६४, व्हीपी-०९ किंवा एव्ही-०१ असेल तर नवा. किती चित्रे टाकून दिली त्याचाही आकडा तेथेच असतो. आम्ही पाहिले तेव्हा टाकलेल्या चित्रांचा आकडा माणगंगेला पूर आल्यासारखा चढत होता.

उपाय तीन केले. ते ज्या क्रमाने सुचले त्याच क्रमाने सांगतो, शहाणपणाच्या क्रमाने नव्हे.

पहिला उपाय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये होता. तेथे 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' किंवा 'ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन' अशा अर्थाचे एक बटण असते. ते बंद असेल तर गिरणी असूनही यंत्र जात्यावर बसते. येथे ते बंदच होते. कोणी केले, केव्हा केले, देव जाणे. ते चालू केले आणि ब्राउझर पुन्हा उघडला. पण एवढ्याने काम भागले नाही, कारण माल मिरचीचा होता. मग ब्राउझरला जोडावयाचे एक छोटे साधन घेतले. ते संकेतस्थळाला सांगते की बाबा, मला व्हीपी-९ कळत नाही, एच-२६४ असेल तर दे. फायरफॉक्समध्ये अशी नवी रीत सेटिंगमधूनही बंद करता येते. हे थोडेसे खोटे बोलणे आहे, पण धर्मराजाने बोललेल्यापेक्षा कमीच. लगेच दुसरा आलेख उठून बसला आणि पहिला खाली उतरला. सावध करण्यासारखी गोष्ट एकच: क्वचित चित्राच्या कार्डाचा ड्रायव्हर बिघडलेला असतो आणि ते बटण चालू केल्यानेच पडदा हिरवा होतो किंवा लुकलुकतो. तसे झाले तर आधी ड्रायव्हर नवा घालावा. नाही जमले तर बटण बंद करून पाहावे. औषध तेच, पण प्रकृती पाहून.

सकाळी मी घरी जाऊन झोपलो, विजयी मुद्रेने. दुपारी मुलगी पुन्हा दारात. चित्र पुन्हा अडखळते आहे. पहिल्याइतके नाही, पण अडखळते. आणि जाता जाता ती बोलून गेली, "पहाटं काहीच होत न्हाई आजोबा. दुपारचंच होतंय." हे तिने मला पहिल्या दिवशीही सांगितले होते. मी तेव्हा मान डोलावून, दुपारी जाळ्यावर गर्दी असते, असा उलगडा करून मोकळा झालो होतो. चाळीस वर्षे शिकविलेल्या माणसाचा हा दोष असतो, तो मुलांचे उत्तर अर्धे ऐकतो.

पहाटे आणि दुपारी काय फरक? आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. वरती पत्र्याचे छप्पर. प्रोसेसर तापत तापत शंभर अंशांच्या जवळपास पोचला की स्वतःला वाचविण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. त्यात नवल नाही. उन्हात बैलही पाय आखडतो. वीज बंद केली, तार काढली आणि पेचकसाने डब्याची बाजू उघडली. आत प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचे एक सांगाडेवजा असते आणि त्यावर पंखा. पट्ट्यांमधून वारा जावा आणि उष्णता निघून जावी अशी ती योजना. येथे पट्ट्या दिसतच नव्हत्या. धूळ, शेळ्यांचे केस आणि अंगणातल्या कडब्याचा भुसा मिळून त्यांच्यावर अर्धा बोट जाडीचे घोंगडे विणले गेले होते. पंखा इमानाने फिरत होता आणि घोंगड्याला वारा घालीत होता. चैत्रवैशाखात घोंगडे पांघरून ज्याला गणिते सोडवावयास बसविले, त्याच्याकडून आम्ही चपळाईची अपेक्षा करीत होतो.

रंगाचा मऊ ब्रश आणि सायकलला हवा भरावयाचा पंप, एवढ्यावर ते निघाले. पंखा बोटाने धरून ठेवावा, हवेच्या झोताने भरधाव फिरू देऊ नये. त्याचे बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि धातू यांच्यामध्ये एक लेप असतो, तो दहा वर्षांत वाळून खडू होतो. नवा लेप शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, मुगाच्या डाळीएवढा पुरतो. ज्यांचा हात स्थिर नाही त्यांनी तो जाणत्याकडून लावून घ्यावा. मीही तेच केले. यंत्र खिडकीपासून आणि शेळ्यांपासून दूर, जमिनीवरून उचलून पाटावर ठेवले. त्या दिवशी भर दोन वाजता व्याख्यान चालले आणि हात आवाजाबरोबर चालला.

तिसरा उपाय खरे म्हणजे पहिला असावयास हवा होता, कारण त्याला पेचकसही लागत नाही. तिचा पडदा साडेअठरा इंचांचा, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. हे मोजमाप त्या काळच्या स्वस्त पडद्यांवर आणि लॅपटॉपवर सर्रास असे. गुणाकार केला तर साडेदहा लाखांच्या आतच येतो. आणि व्हिडिओ होता वीस लाख ठिपक्यांचा. म्हणजे यंत्राने वीस लाख ठिपके घाम गाळून उलगडावयाचे, आणि पडद्यावर जागा नाही म्हणून निम्मे मिटवावयाचे. पाच शेरांची घागर खाली ठेवून वर दहा शेर ओतण्यासारखे हे झाले, आणि दुष्काळी मुलखात पाणी असे सांडलेले पाहून माझा जीव तुटला. मोठ्या चित्रावरून लहान केलेले चित्र थोडे अधिक सुबक दिसते, नाही असे नाही. पण फळ्यावरील गणित वाचावयास ७२० पुरे होते. तिने चाकासारख्या खुणेवर बोट ठेवून ७२० निवडले. प्रोसेसरचा आलेख आणखी निम्म्याने उतरला. मी तिला विचारले, "काही कमी दिसतं का गं?" ती म्हणाली, "न्हाई. उलट अक्षर थांबतंय."

१०८० हा आकडा तिने आधी का निवडला होता? तिने निवडलाच नव्हता; तो आपोआप लागला होता. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगले, असे आपणही धरून चालतो. रेशनच्या रांगेत मोठी पिशवी नेल्याने धान्य जास्त मिळत नाही हे ज्याला कळते, त्याला हे कळावयास हरकत नाही.

बाकीची कारणे भराभर सांगतो. ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी ठेवू नयेत. रॅम चार गिगाबाइट असेल तर आठ करावी, आणि जमल्यास दोन सारख्या पट्ट्या घालाव्या. चित्राचा भाग तीच रॅम वाटून घेतो, आणि दोन पट्ट्यांनी त्याला दोन वाटा मिळतात. फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी घातली तर यंत्र लवकर उठते, पण चालू व्हिडिओत त्याने फारसा फरक पडत नाही. कोणी त्या आशेवर विकत असेल तर दोनदा विचार करावा. लॅपटॉप बॅटरीवर असता काटकसरीने चालतो, तेव्हा तार जोडून पाहावे. एवढे बस्स.

एक दुखणे मात्र दुखणे नव्हेच, आणि लोक त्याच्यापायी पैसे घालवितात. आपल्याकडील दूरदर्शनसाठी केलेला कार्यक्रम पुष्कळदा सेकंदाला २५ चित्रांचा असतो, आणि कॉम्प्युटरचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र पालटतो. साठाला पंचवीसने भाग जात नाही. मग काही चित्रे पडद्यावर दोनदा राहतात आणि काही तीनदा. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की डोळ्याला किंचित गचके जाणवतात. हे नव्या, महागड्या यंत्रावरही जाणवते. टाकलेल्या चित्रांचा आकडा शून्य असेल आणि तरी असा गचका दिसला, तर यंत्राला बोल लावू नये.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या यंत्रावर फोर-के चालत नाही आणि चालणार नाही. तेथे ८२ लाख ९४ हजार ठिपके, आणि दाणाही नव्याच जातीचा. जात्यावर तेवढे दळण होत नाही. ६० चित्रांचा १०८० देखील कधी चालतो कधी नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि २०१३ चे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते. ते फुकट आहे आणि हलके आहे. पण लिनक्सवर कित्येकदा ब्राउझर गिरणीला हातच लावीत नाही, तेव्हा घातल्यावर वरचे दोन्ही आलेख पुन्हा पाहावे. आज ना उद्या हे यंत्र बदलावे लागेल, हे मी त्या मुलीच्या वडिलांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "बदलू की गुरुजी. पर पाऊस झाल्यावर. आत्ता शेरडं काढली असती तर पाण्याच्या मोलानं गेली असती."

लहानपणी म्हसवडच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहावयास आम्ही जात असू. पडद्यावर चित्र थरथरू लागे, लोक शिट्ट्या मारीत, आणि यंत्र चालविणारा गृहस्थ विडी बाजूला ठेवून आधी फीत पाही, मग खिडकी पुशी, मग तेलाचा थेंब सोडी. त्याला नवे यंत्र मिळण्यासारखे नव्हते, म्हणून त्याला आपल्या यंत्राच्या खोड्या पाठ होत्या. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि शिक्षण घराघरांत पडद्यावर आले, तेव्हा असा एखादा माणूस प्रत्येक गावात असता तर किती मुलांचे वर्ष नीट गेले असते, हे मला राहून राहून वाटते. त्या काळात कित्येकांनी कोपऱ्यातले कॉम्प्युटर काढले, ते अडखळले, आणि पुन्हा फडके पांघरून कोपऱ्यात गेले. त्यांच्या आत काय होते ते कोणी पाहिले नाही. बहुधा घोंगडेच असेल.

मी ती मुलगी परीक्षेत पहिली आली असे सांगेन, अशी काहींची अपेक्षा दिसते. परीक्षा अजून व्हावयाची आहे. ती आज सभेला आलेली नाही, कारण संध्याकाळी सात ते नऊ तिचा गणिताचा पाठ असतो, आणि अध्यक्षांच्या परवानगीने सांगतो, मीच तिला येऊ नको म्हणून सांगितले.

चालकांनी प्रश्नोत्तरांस पाऊण तास ठेवला आहे. वाचनालयाचा कॉम्प्युटर त्यांनी मागच्या खोलीत टेबलावर आणून ठेवला आहे. तोही दुपारनंतर अडखळतो अशी तक्रार आहे. पेचकस, ब्रश आणि पंप मी बरोबर आणला आहे. पंखा धरावयास दोन स्थिर बोटांचा कोणी स्वयंसेवक मिळाला तर आपण सगळेच तिकडे जाऊ.